सासरवाडीची वाट टाळणारा नवरा: एका निवृत्त हवालदाराच्या संसाराचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघा पती-पत्नींनी मजकूर वाचून मग होकार दिला. आमचं केंद्र तालुक्याच्या गावी महिलांसाठी समुपदेशनाचं काम करतं, म्हणून ही हकिकत मुख्यतः पत्नीच्या बाजूने आमच्यापर्यंत आली. पतीची बाजू नंतर हळूहळू उलगडत गेली.

पार्श्वभूमी

विलासराव सातारा जिल्ह्यातल्या एका बागायती गावचे. १९९५ साली फौजेत भरती झाले, २०१९ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. मंगलताईंशी लग्न २००१ सालचं. मुलगी २००३ ची, मुलगा २००७ चा. या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं जोडलं गेलं. इथे निवृत्त शिपायालाही सगळे ‘मेजर’ म्हणूनच हाक मारतात.

निवृत्तीच्या वेळी लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण सलग एका छपराखाली राहणं दोघांच्या वाट्याला फारसं आलंच नव्हतं. वर्षाची ६० दिवसांची रजा, मधेमधे किरकोळ रजा, आणि एकदा पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा शांत ठिकाणी, क्वार्टर मिळालं तेव्हाची थोडी वर्षं, एवढाच सहवास. रजेवर आलेल्या माणसाचं सगळं कौतुकातच निघून जातं. तो रात्री झोपत नाही हे दिसलं, तरी सवय मोडली असेल म्हणून सोडून दिलं जातं.

२००४ मध्ये विलासराव दक्षिण काश्मीरमध्ये होते. त्यांच्याकडे रोड ओपनिंगचं काम होतं. फौजेचा काफिला जाण्याआधी पहाटे ही तुकडी रस्ता पायी तपासत जाते. कडेची माती नव्याने उकरलेली आहे का, एखादी वायर दिसते का, मोरीखाली काही ठेवलंय का, हे बघून रस्ता मोकळा असल्याचं कळवायचं. त्या दिवशी त्यांनी तसं कळवलं. तासाभराने त्याच टप्प्यातल्या एका मोरीवर स्फोट झाला आणि गाडीतले दोन जवान गेले. विलासराव काही अंतरावर उभे होते, ते फेकले गेले. अंगावर ओरखडा नव्हता. डाव्या कानाचा पडदा फाटला, काही दिवस गरगरलं, उलट्या झाल्या. मग ते ड्यूटीवर परतले. जखमेच्या अहवालात फक्त कानाची नोंद झाली.

स्फोटाच्या हवेच्या दाबाने कवटी न फुटताही मेंदूला इजा होऊ शकते आणि ती साध्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. डोकेदुखी, उजेडाचा त्रास, कानात सतत सूं आवाज, विसराळूपणा, क्षणात चढणारा पारा ही तिची लक्षणं. शिवाय आघातोत्तर मानसिक विकार, म्हणजे पीटीएसडी, त्याच्याच जोडीने येऊ शकतो. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने त्याला निदान म्हणून जागा दिली. भयस्वप्नं, कायम सावध राहणं, आठवण जागी करणाऱ्या जागा टाळणं, जवळच्या माणसांशी भावना आटणं ही त्याची रूपं. दोन्हींची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की कुठलं कशामुळे हे तज्ज्ञांनाही पटकन सांगता येत नाही. विलासरावांच्या बाबतीत तिसरी गोष्टही होती. रस्ता मोकळा आहे, हे त्यांनीच कळवलं होतं.

हे त्यांनी पंधरा वर्षं नोकरीत कोणाला सांगितलं नाही. वैद्यकीय श्रेणी खाली आली की बढती अडते, पोस्टिंग बदलतं आणि युनिटमध्ये ‘साइक केस’ असा शिक्का बसतो. निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीतही त्यांनी ‘सब ठीक है’ म्हणूनच सांगितलं.

घरात काय चाललं होतं

निवृत्तीनंतर त्यांना एका कॅश व्हॅनवर सुरक्षारक्षकाची नोकरी लागली. त्यासाठी परवान्याची बाराबोरची बंदूक घेतली. पुढे लॉकडाउन आला आणि सगळं घर महिनोन् महिने एकत्र कोंडलं गेलं. मंगलताईंच्या शब्दांत, ‘माणूस घरी आला आणि घर पहाऱ्यावर गेलं.’

जेवताना त्यांना पाठीमागे भिंत आणि समोर दार लागायचं. रात्री तीन-तीनदा कड्या तपासायचे. उसाला पाणी द्यायची पाळी बऱ्याचदा रात्रीची असायची, कारण पंपाची वीज रात्री यायची. भावकीतल्या सगळ्यांच्या पाळ्या ते आपणहून घ्यायचे. गावाला वाटायचं, मेजर कष्टाळू. खरं म्हणजे अंथरुणावर पडायचं टाळण्याचा तो मार्ग होता. पाळी नसेल त्या रात्री कँटीनची रम. दारूने पहिली झोप लागते, पण पुढची रात्र जास्त मोडते आणि दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त लागते, या चक्रात ते अडकत गेले.

मंगलताईंनी घर आवाजाविना चालवायला शिकून घेतलं. ते घरी असले की कुकर लावायचा नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. मिक्सर ते शेतात गेल्यावर. मुलांनी दार आपटायचं नाही, फोनची रिंग बंद. पलीकडच्या रानात विहिरीसाठी सुरुंग लावणार असं कळलं की त्या काही ना काही निमित्त काढून त्यांना तालुक्याला पाठवत. उठवायचं झालं तर पायथ्याशी, हातभर लांब उभं राहून हाक मारायची. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एका रात्री झोपेत विलासरावांनी त्यांचा गळा धरला. जागे झाल्यावर स्वतःचे हात बघून ते ओट्यावर जाऊन बसले ते उजाडेपर्यंत. त्यानंतर ताई वेगळ्या खोलीत झोपू लागल्या, आणि सासूबाईंनी बोल लावला तो सुनेलाच, की नवऱ्याजवळ झोपत नाही म्हणून तो पितो. गळ्याची गोष्ट ताईंनी कोणालाच सांगितली नव्हती.

पण सगळंच झोपेत घडत नव्हतं. दारू पिऊन, शुद्धीत असताना, त्यांनी ताईंवर दोनदा हात उचलला होता. पैशाचं विचारलं म्हणून. हा फरक पुढच्या सगळ्या निर्णयांसाठी महत्त्वाचा ठरला.

ताईंची आणखी एक जुनी तक्रार होती, ती पहिल्या भेटीत जाता जाता निघाली. नवरा माहेरी येत नाही. आला तर सरळ रस्ता सोडून भलता लांबचा फेरा घालून येतो, नाहीतर ‘एसटीने जा’ म्हणतो. वडील गेले तेव्हा तर अग्नी दिल्यावर पोचला. ‘माझ्या माहेरची किंमतच नाही त्यांना,’ असं त्या म्हणाल्या. आम्ही ते टिपून ठेवलं.

२०२२ च्या दिवाळीत मुलाने अंगणात सुतळी बॉम्ब लावला. विलासराव धावत गेले, मुलाला खाली पाडून त्याच्यावर आडवे पडले आणि दाबून धरलं. मुलाची कॉलर बोन मोडली. मुलाच्या लेखी बापाने सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर मारलं. बापाच्या लेखी त्याने मुलाला झाकलं. ताई दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेल्या. भावाने पोलीस ठाण्यात नेलं. तिथे त्यांना सांगण्यात आलं, ‘फौजी माणूस आहे, देशासाठी लढलाय, जरा सांभाळून घ्या.’ आणि एक चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवलं.

या वाक्याबद्दल मला इथेच बोलायचं आहे. सैनिकाबद्दलचा आदर खरा असेल तर तो त्याच्यावर उपचार करण्यात दिसायला हवा. बायकोने मार खाऊन गप्प बसण्याने फौजेची शान राखली जात नाही. आणि तेवढंच खरं हेही की नुसता दारुडा म्हणून त्याला मोडीत काढणं हा अन्यायच होता.

समोरचे पर्याय

भावाचं म्हणणं होतं, गुन्हा दाखल करा. सासूबाईंचं म्हणणं, बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋषीकडे न्या. भावकीतल्या वडीलधाऱ्यांना बैठक बसवून, दोघांना समजावून सूनबाईला परत आणायचं होतं. चुलतभावाने एका व्यसनमुक्ती केंद्राशी बोलणंही करून ठेवलं होतं. ते लोक गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात.

उचलून नेण्याला आम्ही स्वच्छ नकार दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायला ठरलेल्या अटी आहेत, तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. त्याखेरीज, चार अनोळखी माणसं रात्री घरात घुसून या माणसाला धरणार, याचा परिणाम काय झाला असता याची कल्पनाही करवत नाही. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं, हेही होतंच.

बैठकीचा मार्ग गावात सगळ्यात सोपा आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याचा होता. त्यात ताई परत गेल्या असत्या आणि घरातली एकही गोष्ट बदलली नसती.

कायद्याचा मार्ग आम्ही पूर्ण उलगडून सांगितला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, संरक्षणाचा आदेश मिळतो, राहत्या घरात राहण्याचा हक्क शाबूत राहतो. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते आजारी आहेत म्हणून मी गप्प बसायचं, की मी गप्प बसत नाही म्हणून त्यांचा इलाज करायचा नाही? दोन्ही का नाही होत?’ प्रकरणाची दिशा इथे ठरली. सुरक्षेचं काम आणि उपचाराचं काम, दोन वेगळे रस्ते, आणि एकाचं निमित्त करून दुसरं थांबवायचं नाही. ताईंनी अर्ज लिहून, सही करून याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या कानावर घातला, पण दाखल केला नाही. परत हात उचलला तर तो दाखल होणार, हे विलासरावांना भावाच्या आणि आमच्या समोर सांगितलं गेलं. त्यांनी मान डोलावली.

काय केलं

सगळ्यात आधी बंदूक. विलासराव घरात एकटे, पीत होते, झोप नाही, बायकामुलं गेलेली, आणि कपाटात बाराबोर. आमच्या सहकाऱ्याने त्यांना आडवळणाने न जाता विचारलं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ ते म्हणाले, ‘रोज.’ असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारलं की बोलायला वाट मिळते. त्यांना १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक दिला, पण नुसत्या क्रमांकावर भागण्यासारखी ती वेळ नव्हती. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणं म्हणजे नोकरी जाणं. तेवढ्यावरून ते अडले.

शेजारच्या गावातले एक निवृत्त सुभेदार आम्ही मध्ये घातले. ते जाऊन बसले, चहा प्यायले आणि एवढंच म्हणाले, ‘ड्यूटी संपल्यावर हत्यार कोतात जमा होतं का नाही? मग चला.’ कोत म्हणजे युनिटचं शस्त्रागार. त्याच दुपारी दोघांनी मोटारसायकलवर जाऊन बंदूक जमा केली, पावती घेतली. आमच्या शंभर शब्दांनी झालं नसतं ते फौजेतल्या रोजच्या रिवाजाने झालं.

उपचारांचं दार कुठून उघडायचं, हा पुढचा निर्णय. मानसोपचाराचं नाव काढलं असतं तर ते आलेच नसते. म्हणून कान आणि झोप यांपासून सुरुवात केली. माजी सैनिकांसाठी २००३ पासून असलेल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून कानाची तपासणी झाली, डोक्याचा स्कॅन झाला. तो स्वच्छ आला. तिथल्या डॉक्टरांनी झोपेवरून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ‘वेडा ठरवणार का?’ हा त्यांचा एकच प्रश्न होता. तज्ज्ञांनी पहिली बैठक झोप, डोकेदुखी आणि दारू यांवरच ठेवली आणि २००४ चा विषय त्यांच्या तोंडून यायची वाट पाहिली. तो तिसऱ्या भेटीत आला.

दारू दवाखान्यात दाखल होऊन सोडवली. सर्ट्रालिन सुरू झालं, भयस्वप्नांसाठी प्राझोसिन. पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञांकडे आघातावरची थेरपी सुरू झाली, काही बैठका तिथे जाऊन, काही फोनच्या पडद्यावर. त्यात जे टाळतो त्याची यादी करायची असते आणि सोप्यापासून अवघडाकडे, हळूहळू, तयारीनिशी सामोरं जायचं असतं.

या काळात ताई माहेरीच होत्या. दोघांना एकत्र बसवायची घाई आम्ही केली नाही, भावकीचा दबाव असूनही. मारहाणीची भीती असताना जोडप्याला समोरासमोर बसवलं तर बाई खरं बोलत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. तीन महिने दारू बंद, तीन महिने कुठलाही हिंसाचार नाही, आणि ताईंचा स्वतःहून होकार, या तीन गोष्टी झाल्यावरच पहिली एकत्र बैठक झाली.

तोवर विलासरावांची टाळण्याची यादी तयार होती. त्यांनी ती स्वतः वाचली. फटाके, वरातीतला डीजे, बंद गाडीत मागे बसणं. आणि मग: ‘सासरवाडीची वाट. ओढ्यावरच्या दोन मोऱ्या.’

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग रडल्या नाहीत, चिडल्या. ‘अठरा वर्षं मी माहेरच्या माणसांपुढे मान खाली घालून उभी राहिले. बाबांच्या सरणाला तुम्ही नव्हता. एवढं एक सांगायला तोंड नव्हतं का?’ विलासराव म्हणाले, ‘सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.’ त्या बैठकीत माफी, समेट असं काही झालं नाही. ताईंनी घड्याळ बघितलं आणि शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून उठल्या. पण आठवडाभराने त्यांनी फोन करून विचारलं, त्या मोरीवरून जायचा सराव करायचा असतो म्हणे, तो कसा करतात?

तो सराव पुढे झाला. आधी मोरीपासून लांब उभं राहणं, मग चालत ओलांडणं, मग मोटारसायकल. शेवटच्या टप्प्याला मेव्हणा मागे बसला होता.

घरातही काम होतं. ताईंनी जपलेली शांतता प्रेमापोटीची होती आणि तिच्यामुळे घर तगलं. पण आवाजाची भीती आवाज टाळल्याने मुरत जाते. मानसशास्त्रज्ञांनी सुचवलं, कुकरपासून सुरू करा. २०२३ च्या संक्रांतीनंतर काही आठवड्यांनी ताई घरी परतल्या तेव्हा नियम ठरला: ‘कुकर लावतेय हो’ असं मोठ्याने सांगायचं, पहिल्या शिट्टीला विलासरावांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं, वाटलं तर बाहेर जायचं, पण रागवायचं नाही. पहिल्या दिवशी ते घामाने भिजले. आता शिट्ट्या मोजून गॅस तेच बंद करतात.

परतण्याआधी ताईंनी आणखी अटी घातल्या. पेन्शनचं खातं दोघांच्या नावे, कार्ड त्यांच्याकडे. झोपायच्या खोल्या वेगळ्याच राहतील. सासूबाईंना गळ्याची गोष्ट विलासरावांनी स्वतः सांगायची. ती त्यांनी सांगितली.

आजची स्थिती

दोघं एका घरात राहतात. हात उचलल्याची घटना पुन्हा झालेली नाही. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीत ढोल आणि डीजे असह्य होऊन विलासराव प्याले, पण घरी न जाता सुभेदारांकडे जाऊन रात्र काढली आणि सकाळी बायकोला फोन करून सांगितलं. पडझड होणार हे धरूनच त्यासाठी ठिकाण आधी ठरवून ठेवलं होतं, ते उपयोगी पडलं. झोप चार-पाच तास लागते. डोकेदुखी आणि कानातला आवाज गेलेला नाही, बहुधा जाणारही नाही. बंदूक परत घेतलेली नाही. त्या पगाराची उणीव घरात जाणवते. ताई आता ब्लाउज-शिलाई करतात.

मुलाचं हाड जुळलं, बापाशी बोलणं जुळलेलं नाही. गरजेपुरतं बोलतो. घटनेचा अर्थ त्याला कोणी वेळेत सांगितला नाही, मोठ्यांच्या गडबडीत तो राहून गेला. आपल्यावर बाप का पडला हे त्याला समजतं, पटत नाही.

अपंगत्व पेन्शनचा दावा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने केला. पहिल्या फेरीत तो नाकारला गेला, कारण सेवेतल्या कागदांत कानाखेरीज काहीच नाही. अपील चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

२००४ च्या स्फोटानंतर डोक्याला बसलेल्या धक्क्याची नोंद झाली असती तर आजचा दावा वेगळा असता. ‘उलट्या, गरगर’ एवढे दोन शब्द कागदावर आले असते तरी पुरले असते. मात्र नोंद केली की बढती अडते, अशी भीती शिपायाला असेल तोवर तो स्वतःहून सांगणार नाही. ही अडचण शिपायाच्या धैर्याची नाही, व्यवस्थेची आहे.

निवृत्तीच्या तपासणीत बायकोला कोणी काही विचारत नाही. तो रात्री उठतो का, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असतं? निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत विलासराव डोकेदुखी आणि पित्तासाठी दवाखान्याच्या खेपा घालत होते. झोप कशी आहे आणि किती पिता, हे दोन प्रश्न तेव्हा विचारले गेले असते तर दिवाळी टळली असती असं मी म्हणत नाही, पण उपचार आधी सुरू झाले असते एवढं नक्की.

मुलांसाठी वेगळा माणूस पहिल्या आठवड्यातच नेमायला हवा. या प्रकरणात मुलगी नर्सिंगला पुण्यात गेली आणि निभावली, मुलगा घरातच राहिला आणि त्याने सगळं पाहिलं.

आमच्या केंद्राच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मात आता दोन रकाने वाढले आहेत: घरातलं कोणी सैन्यात किंवा निमलष्करी दलात आहे किंवा होतं का, आणि घरात परवान्याचं हत्यार आहे का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर बाकीचा फॉर्म भरण्याआधी त्यावर बोलणं होतं.